क्रमांक सतरा

ही घटना खरी आहे. ज्याच्यावर ती गुदरली तो माणूस आजही हयात आहे, आणि दर रविवारी दुपारी फोनसमोर बसलेला असतो.

मध्यरात्र, अमावास्या, ओसाड बंगला असलं काही हवं असेल तर इथंच थांबलेलं बरं.

ही भर दुपारी सुरू झाली. जुलै २०१८, मंगळवार. आम्हा हेरेरोंच्या मुलखात, ओकाकारारा गावाच्या पूर्वेला, ओमाहेके वाळवंटाच्या वाळूत, एका कोरड्या नदीच्या काठी. भुतांना रात्र लागते हा समज ज्यांची माणसं अंथरुणात मेली त्यांचा असावा. आमच्या माणसांना या वाळूत दिवसाउजेडी मारलं. लेखी हुकूम काढून, खाली सही करून, पाणवठ्यांवर पहारे बसवून. त्यांनी अंधाराची वाट का पाहावी?

एलिफास मुइन्जो तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता आणि एकोणीस वर्षं पर्यटकांना फिरवत होता. वाळवंट, जनावरं, समुद्र. अकरा दिवस, दोन पाहुणे, एक जीप. वाळूवरचे ठसे तो वर्तमानपत्रासारखे वाचायचा. जर्मन इतकं शुद्ध बोलायचा, की पाहुणे कौतुकानं विचारत, कुठं शिकलात? तो सांगे, "आमच्याकडे ते वारशात येतं." पाहुणे हसत. त्यांना तो विनोद वाटे.

त्या खेपेचं जोडपं म्हणजे डॉ. डिटमार वेसलिंग आणि त्याची बायको झिग्रुन. तो बासष्टचा, निवृत्त दंतवैद्य. ती शाळेत संगीत शिकवायची. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून ही सहल. डिटमारच्या पिशवीत तपकिरी कातड्यात बांधलेली एक रोजनिशी होती. त्याचा पणजोबा १९०४ साली जर्मन फौजेचा डॉक्टर म्हणून इकडे आला होता आणि तीन वर्षं राहिला होता. म्हातारा जिथं जिथं गेला तिथं तिथं जायचं, असा डिटमारचा बेत होता.

माणूस वाईट नव्हता. हे नीट लक्षात घ्यावं. कचरा खिशात ठेवायचा, वाढणाऱ्याचे आभार मानायचा, आणि जुन्या अत्याचारांचा विषय निघाला की योग्य तितका वेळ मान खाली घालायचा.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी, त्या मंगळवारी दुपारी, काटेरी बाभळीच्या सावलीत जेवण मांडलं होतं. डिटमारनं मोबाइल पुढे केला.

"हा आमचा फ्रिट्झ. लहानपणी झोपायला जाताना मी याला शुभरात्री म्हणायचो."

"डिटमार, पुरे. जेवताना नको," झिग्रुन म्हणाली.

"अगं, यांना रस असणार. यांच्याच देशातला आहे तो."

फोटोत काचेचं कपाट होतं. दोन चिनी मातीच्या बशा. मधे एक मानवी कवटी. नाताळात काढलेला फोटो असावा, कारण तिच्यावर गोंड्याची लाल टोपी होती. कपाळावर काळ्या शाईत आकडा होता. १७. वरचे पुढचे दोन दात आतल्या बाजूनं तिरपे घासलेले होते आणि खालचे चार नव्हतेच. आमच्या जुन्या पुरुषांची ती खूण.

"काय सफाईदार घासलेत बघा," डिटमार म्हणाला. "तेही भूल न देता."

एलिफासनं विचारलं, हे कुठून मिळालं. डिटमारनं उत्साहानं रोजनिशी उघडली, खूण घातलेलं पान काढलं आणि वाचून दाखवलं.

"स्वाकोपमुंड, १९०६. क्रमांक सतरा. धोबीण पाउलीनाचा नवरा. सफाई तिच्याकडूनच करून घेतली. काम चोख. रडली फारच कमी."

एलिफासनं हातातली ताटली खाली ठेवली.

पाउलीना त्याची पणजी होती.

हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. स्वाकोपमुंडच्या समुद्रकाठच्या छावणीत कैदी मेले की त्यांची डोकी कापत, उकळत, आणि बायकांच्या पदरात टाकत. बाटलीच्या काचेनं खरवडून मांस काढायचं. मग पेट्या भरून जर्मनीला. शास्त्रासाठी, असं ते म्हणत. एके दिवशी पाउलीनाच्या पदरात जे डोकं पडलं ते तिच्या नवऱ्याचं, काहुरेचं होतं. तिनं ते खरवडलं. त्यानंतर ती बेचाळीस वर्षं जगली, ओमाहेकेत परत येऊन राहिली आणि या कोरड्या नदीच्या काठीच तिला पुरलं. तिच्या मांडीवर वाढलेली नात अजून जिवंत आहे. अल्वीना, एलिफासची थोरली मावशी. वय त्र्याऐंशी. तिला मरायच्या आधी एकच गोष्ट हवी होती. काहुरेचं डोकं पाउलीनाच्या शेजारी पुरलेलं पाहायचं होतं. त्यासाठी एलिफासनं नऊ वर्षं पत्रं लिहिली होती. प्रत्येक उत्तर नम्र होतं. नोंद आढळत नाही.

नोंद टोपी घालून कपाटात बसली होती.

आम्ही गुरं राखणारी माणसं. आवाज चढवला की कळप उधळतो, हे पोराला चालायच्या आधी शिकवतात. एलिफासनं आवाज चढवला नाही. हा माझा पणजोबा आहे, त्यानं सांगितलं. जिची धोबीण म्हणून नोंद आहे ती बाई इथून तीनशे पावलांवर पुरलेली आहे. डोकं परत द्या.

डिटमार गंभीर झाला. खरोखर गंभीर झाला. मग म्हणाला, पाउलीना हे नाव त्या काळी फार प्रचलित होतं. तज्ज्ञांची समिती नेमावी लागेल. तपासण्या कराव्या लागतील. शिवाय ती वस्तू चार पिढ्या त्यांच्या घरात होती, भावनांचा प्रश्न होता.

"तुमच्या भावना समजतात मला, एलिफास. पण मी शास्त्राचा माणूस आहे. उद्या कुणीही येऊन म्हणेल, हे आमचं."

"आजवर कुणीच आलं नाही, साहेब. मी पहिलाच."

"म्हणून तर सावध राहायला हवं."

झिग्रुननं तेवढ्यात विचारलं, पुढं काय कार्यक्रम आहे? विषय बदलावा म्हणून.

पुढचा कार्यक्रम छापील पत्रकात होता. पूर्वजांची भेट. पारंपरिक विधी. छायाचित्रांना परवानगी.

आमच्याकडे परका माणूस थोरांच्या थडग्यावरून असाच जात नाही. कुणीतरी त्याची ओळख करून द्यावी लागते. गुडघे टेकायचे. एक हात थडग्याच्या दगडावर, दुसरा पाहुण्याच्या खांद्यावर. याचं नाव काय, हा कुणाचा कोण, हे सांगायचं. तोंडात पाणी घेऊन दगडावर फवारायचं. आणि निघताना पुन्हा तसाच हात ठेवून निरोप घ्यायचा... हा माझ्यासोबत आला, माझ्यासोबत जातो.

एकोणीस वर्षं एलिफास पर्यटकांसाठी हे दोन वाक्यांत उरकायचा. लांबची माणसं आहेत. वाटेनं चाललीत. माझी आहेत, नेतो.

त्या दिवशी पाउलीनाच्या दगडापाशी त्यानं उरकलं नाही.

झिग्रुनचं नाव सांगितलं. मग डिटमारच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. याचं नाव. याच्या बापाचं. आज्याचं. त्याच्याही बापाचं, ज्यानं तुझ्या पदरात ते टाकलं. आणि ते आता कुठं आहे. टोपीसुद्धा सांगितली. डिटमारला आमची भाषा येत नव्हती. तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

मग एलिफासनं झिग्रुनचा निरोप घेतला. स्वतःचा घेतला.

डिटमारचा घेतला नाही.

तो उठला. गुडघ्यांची वाळू झटकली.

आणि बाभळीवरचे होले गप्प झाले... एकदम. सगळे. कुणीतरी हात वर करून थांबवल्यासारखे.

दगडाच्या खालून आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र.

"साळिंदर असेल," डिटमार म्हणाला.

"असेल," एलिफास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्काम हलवताना एलिफासनं सवयीनं वाळू वाचली. तंबूभोवती रात्री तरस येऊन गेलं होतं. झिग्रुन दोनदा बाहेर आली होती, दुसऱ्यांदा अनवाणी. त्याच्या स्वतःच्या बुटांचे ठसे चुलीपाशी.

डिटमार तंबूपासून जीपपर्यंत तीन वेळा सामान घेऊन गेला होता. एलिफासनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

वाळूत त्याचा एकही ठसा नव्हता.

एलिफास खाली बसला. उन्हाकडे तोंड केलं, म्हणजे कडेची सावली दिसते. वाऱ्यानं पुसलेत म्हणावं, तर शेजारची मुंग्यांची रांग शाबूत होती.

"काही हरवलं का?" डिटमारनं विचारलं. तो कपाळ खाजवत होता.

"नाही साहेब."

एतोशा अभयारण्याच्या वाटेवर त्यानं कपाळाचं तीनदा सांगितलं. ऊन लागलं असेल, झिग्रुन म्हणाली आणि मलम लावलं. कानात आवाज येतो, तो म्हणाला. दवाखान्यात पेशंटचा दात घासताना यायचा तसा... पण तेव्हा हत्यार आपल्या हातात असायचं.

एतोशात मुक्कामाच्या जागी पाणवठ्याभोवती कमरेइतकी दगडी भिंत आहे. पर्यटक अलीकडे, जनावरं पलीकडे. दुपारचा एक वाजला होता. वारा भिंतीकडून पाण्याकडे होता, म्हणजे माणसाचा वास थेट जनावरांच्या नाकात. एलिफास भिंतीशी गेला तसे झेब्रे माना वर करून मागे सरले. झिग्रुन गेली तेव्हाही सरले.

मग डिटमार गेला. एकटा. भिंतीवरून वाकला, हात पलीकडे सोडले.

एकानंही मान वर केली नाही.

एक हरणी पीत पीत आली आणि तिचं कान हलवणारं डोकं त्याच्या बोटांपासून वीतभर राहिलं. तिला तिथं कुणी असल्याचं वाटत नव्हतं. डिटमार आनंदानं हरखला. इतकी जवळीक, तो कुजबुजला, पन्नास देश फिरलो, अशी जवळीक कुठं नाही.

परतताना एक कोल्हा आडवा आला आणि त्याच्या बुटावरून गेला. शेजारून नव्हे, बुटावरून. वाटेतल्या दगडावरून जावा तसा.

झिग्रुननं एलिफासकडे पाहिलं. ती संगीताची बाई होती, तिला शांततेतला फरक कळत असावा. तिनं हळूच विचारलं, त्या दगडापाशी तुम्ही काय म्हणालात? नेहमीचंच, एलिफास म्हणाला. खोटं बोलताना तो नेहमी जर्मनमध्ये बोलायचा.

तिथूनच त्यानं स्वाकोपमुंडला मावशीला फोन लावला. अल्वीना मावशी मोंडेसात, गावाच्या काळ्या वस्तीत, दोन खोल्यांत राहायची. ठसे, जनावरं, सगळं तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं.

"निरोप घेतलास ना त्याचा?"

एलिफासनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हातारी झालेय, बहिरी नाही. तुझं गप्प बसणं इथपर्यंत ऐकू येतंय मला."

"बाईचा घेतला."

"आणि त्याचा?"

"त्याच्या घरी काहुरे आहे, मावशी. कपाटात. टोपी घालून."



"कसली टोपी?"

त्यानं सांगितलं.

"हं," मावशी म्हणाली. "मग फिरव त्याला अजून थोडा."

पण फोन तिनं ठेवला नाही. पुन्हा बोलली तेव्हा आवाज बदललेला होता. राग तुझा आहे तर तू काढ, ती म्हणाली. हातानं काढ, कोर्टात काढ, त्याच्या चहात थुंक. पाउलीनाला कशाला उठवलंस? जिवंतपणी तिनं ते काम दुसऱ्याच्या हुकमावरून केलं. आता तूही तिला तेच काम सांगितलंस. तिच्याच पणतवानं.

"उद्याच्या उद्या मागे जा आणि निरोप घेऊन ये," ती म्हणाली. "चारशे किलोमीटर काही फार नाहीत. मला डोकं हवंय, पण असं नको."

एलिफास हो म्हणाला.

आणि तो मागे गेला नाही.

सकाळी जीप पश्चिमेला वळवण्याआधी त्यानं डिटमारला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. तुमची ओळख अर्धी राहिलीय. डोकं देतो म्हणा, मी आत्ता मागे फिरतो. डिटमार हसला. हसताना कपाळाची कातडी त्याला ओढल्यासारखी झाली आणि त्यानं हात लावला.

"याला आमच्याकडे खंडणी म्हणतात, एलिफास."

"आमच्याकडे याला अजून नाव पडलेलं नाही, साहेब."

डिटमार म्हणाला, सहल संपल्यावर मालकांकडे तक्रार करावी लागेल. वाईट वाटतं, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. मग जीपमध्ये बसला. आणि मागच्या बाजूला, पाण्याच्या डब्यांमागे...

खर्र... खर्र.

एलिफासनं दोनदा गाडी थांबवून मागचं दार उघडलं. डबे, तंबू, टेबल. बाकी काही नाही.

स्वाकोपमुंडला पोचले तेव्हा संध्याकाळ होती आणि समुद्रावरून धुकं येत होतं. जर्मन धाटणीची घरं, सफरचंदाचा केक, नेटके फुटपाथ. गाव संपतं तिथं दफनभूमी आहे. गोऱ्यांच्या थडग्यांवर हिरवळ आणि संगमरवर. भिंतीपलीकडे वाळवंटात हातभर उंचीचे मातीचे ढिगारे, ओळीनं, नजर पोचेल तिथवर. नाव नाही. छावणीतली माणसं ती. वर्षानुवर्षं लोक त्यांच्यावरून मोटारसायकली उडवत आले. मजा म्हणून.

सकाळी सात वाजता झिग्रुनचा फोन आला. डिटमार खोलीत नव्हता. सहाला उठला, म्हणाला कामाला उशीर होतोय, आणि अनवाणी निघून गेला.

"कसलं काम?" ती विचारत होती. "एलिफास, तो तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालाय."

धुकं इतकं दाट होतं की चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. हॉटेलमागे ओली वाळू होती. त्या वाळूवर साध्या किड्याचा मागही उमटतो. एकोणीस वर्षांत एलिफासनं हरवलेली जनावरं, पोरं, एकदा तर दारुडा मंत्री शोधून काढला होता. आता तो वाकून उभा राहिला आणि त्याच्यापुढे कोरी वाळू होती.

ज्याचा ठसा उमटत नाही त्याचा माग काढायचा कसा?

तो कान देऊन उभा राहिला. आणि मग त्याच्या लक्षात आलं...

समुद्र ऐकू येत नव्हता.

शंभर पावलांवर समुद्र होता. लाटेचा आवाज नव्हता. पक्षी नव्हते. गाड्या नव्हत्या. फक्त एक आवाज, दक्षिणेकडून.

खर्र.

एक नव्हता. पुढं जाईल तसे ते वाढत गेले. डावीकडे, उजवीकडे, वीस, तीस, पन्नास... बायका ओळीनं बसून निगुतीनं एखादं काम करताना येतो तसा, एका लयीत. धुक्यात कधी घोळदार घागऱ्याची कड वाळूवरून फिरल्यासारखी वाटे. कधी कुणी खोकल्यासारखं. झिग्रुननं त्याची बाही घट्ट धरली होती. तिलाही ऐकू येत होतं.

डिटमार ढिगाऱ्यांच्या मधोमध गुडघ्यांवर बसला होता.

त्याच्या हातात बिअरच्या बाटलीचा तुकडा होता. भुवईपासून केसांपर्यंत तो कपाळ खरवडत होता. घाई नव्हती. कातडी गेली होती. आतलं पांढरं दिसत होतं.

रक्त नव्हतं. एक थेंबही नाही.

त्यानं मान वर केली. चेहरा शांत होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"ती म्हणतेय," तो म्हणाला, "अजून नीट झालं नाही."

झिग्रुन किंचाळली नाही. तिनं त्याचा काच धरलेला हात धरायचा प्रयत्न केला आणि तिला तो हलवता आला नाही. मग ती एलिफासकडे वळली.

"थांबवा हे."

एलिफास उभा राहिला. एखाद्याला असं पाहण्याची इच्छा त्यानं नऊ वर्षं बाळगली होती, आता ती पुरी झाली होती, आणि त्याला ते बघवत नव्हतं. तरीही पहिला शब्द त्याच्या तोंडून तोच आला.

"डोकं."

"पाठवते. घरी पोचल्या दिवशी पाठवते. कपाटासकट न्या, सगळं न्या, पण थांबवा."

तो गुडघ्यांवर बसला. एक हात ढिगाऱ्यावर, दुसरा डिटमारच्या खांद्यावर. निरोप घ्यायचा होता. एक वाक्य.

आणि त्या क्षणी त्याच्या मनात आलं की काहुरे इथंच मेला. याच वाळूत. एकशे बारा वर्षांत त्याचा निरोप घ्यायला कुणीही आलेलं नाही. मी आलोय, गुडघे टेकलेत, हात मातीवर आहे. मग आधी त्याला का नको?

"काहुरे माझा आहे," तो म्हणाला. "माझ्यासोबत जातो."

मग डिटमारचंही नाव घेतलं. तसंच वाक्य. घाईनं.

आवाज थांबले.

सगळे एकदम... आणि समुद्र पुन्हा सुरू झाला.

डिटमारच्या हातातून काच गळून पडली. तो उठला आणि एलिफासचा हात धरून निमूट चालू लागला. धुकं विरळ झालं होतं. एलिफासनं मागे वळून पाहिलं. ओल्या वाळूत तीन माणसांचे ठसे होते. त्याला इतकं हायसं वाटलं, की तिसरे ठसे त्यानं नीट वाचले नाहीत. बोटं फाकलेली होती, भार बाहेरच्या कडेवर होता. जन्मात कधी बूट न घातलेल्या माणसाचं पाऊल पडतं तसं. त्यानं ते पाहिलं. वाचलं नाही.

तक्रार आली नाही. दवाखान्यात आठ दिवस काढून जोडपं परत गेलं. झिग्रुननं शब्द पाळला. सहा आठवड्यांनी पेटी आली. कापसात नीट गुंडाळलेली. ऑक्टोबरात कुटुंबातली चाळीस माणसं ओमाहेकेत जमली, बैल कापला, अल्वीना मावशी दोन माणसांच्या आधारानं शिंगांच्या आकाराचा तिचा उत्तम फेटा बांधून आली, आणि काहुरेचं डोकं पाउलीनाच्या शेजारी पुरलं. मावशी रडली. भरपूर रडली. त्या घराण्यात कुणीतरी ते करायला हवंच होतं.

इथं ही हकिगत संपायला हरकत नव्हती.

डिसेंबरात झिग्रुनचं पत्र आलं. जखम भरलीय, तिनं लिहिलं होतं. डिटमार जेवतो, झोपतो, शांत असतो. फक्त तो खुर्चीवर बसत नाही. जर्मन बोलत नाही. जे बोलतो ते तिला कळत नाही, म्हणून विद्यापीठातल्या एका बाईंना तिनं घरी बोलावलं. त्या दहा मिनिटं ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, ही हेरेरो लोकांची भाषा आहे, पण जुनी आहे, असं आता कुणी बोलत नाही. ते तुम्हाला ओळखत नाहीत. ते विचारताहेत, ही कुणाची छावणी आहे, आणि माझी बायको कुठं ठेवलीय.

एलिफास ते पत्र घेऊन मावशीकडे गेला. तिनं दोनदा वाचून घेतलं. मग त्या सकाळचं सगळं पुन्हा विचारलं. तो काय म्हणाला, कुठल्या क्रमानं.

"काहुरेचं नाव घेतलंस, तेव्हा हात कुणाच्या खांद्यावर होता?"

एलिफासनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"गाढवा," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "एकदा त्यांनी नेला. दुसऱ्यांदा तूच पाठवलास."

तिनं त्याला पुढचं विचारलं नाही. डिटमारचं वाक्य बोलेपर्यंत त्या अंगात घ्यायला जागा उरली नव्हती. मग डिटमार कुठं राहिला, ते दोघांनाही ठाऊक होतं. मावशीच्या खोलीपासून ते ढिगारे वीस मिनिटांच्या वाटेवर आहेत. तिनं तिकडची खिडकी विटा लावून बुजवून घेतली.

एलिफासनं व्हिसासाठी अर्ज केला. कुणाला भेटायचं, या रकान्यात डिटमार वेसलिंग, वय बासष्ट. नातं काय, या रकान्यात त्यानं बराच विचार करून खरं ते लिहिलं. पणतू. खिडकीतल्या बाईनं दोघांच्या जन्मतारखा पाहिल्या, पेन खाली ठेवलं आणि अर्ज परत सरकवला. पुन्हा नीट भरून आणा, ती सौजन्यानं म्हणाली.

तेव्हापासून रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, झिग्रुन फोन लावते आणि डिटमारच्या कानाला धरते. तेवढ्यानं तो आठवडाभर शांत राहतो, असं ती म्हणते.

पहिल्या फोनवर एक आवाज आला. तरुण माणसाचा. काहुरे मेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

"तू कुणाचा?"

एलिफासनं सांगितलं. आईचं नाव, तिच्या आईचं, तिच्याही आईचं. पाउलीना.

पलीकडे काहीतरी खाली पडलं.

"ती आहे?"

खरं काय सांगायचं? ती आहे, वाळूखाली, आणि तिच्या शेजारी आम्ही मोठ्या मानानं एक रिकामं डोकं पुरून ठेवलंय? तो म्हणाला, आहे. वाट बघतेय.

"मग मला न्यायला कधी येतोस?"

याला आता पाच वर्षं झाली. अर्ज चार वेळा परत आलाय. अल्वीना मावशी गेली. झिग्रुन थकलीय, तिच्या आवाजावरून कळतं. आणि डिटमारचं शरीर आता सदुसष्टचं आहे, छाती धरते, डॉक्टर फारशी आशा देत नाहीत. ते थांबलं की आतला माणूस परक्या मातीत जाईल, दगडावर दुसऱ्याचं नाव घेऊन. त्याचा निरोप घ्यायला तिथं कुणी नसेल.

आज रविवार आहे. जेवणं झालीत.

एलिफासनं फोन समोर ठेवलाय, आणि काय सांगायचं ते त्याला अजून सुचलेलं नाही.